एकशे ऐंशी भरलेली, एकशे दहा रिकामी

पाचोरा
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१

ती. इंदिराअक्कास,

बेबाचा वाकून नमस्कार. (वाकून असं नुसतं लिहिलंय. सध्या वाकलं की डोळ्यापुढं काजवे येतात, म्हणून उभ्याउभ्याच केला आहे असं समज.) दाजींना नमस्कार सांग. तुझे दात आता कसे आहेत, कवळी बसली की अजून डब्यातच आहे, म्हैस व्याली का, सोनगीरला पाणी एक दिवसाआड येतं की तेही बंद झालं, हे सगळं सावकाश कळव. इकडं आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. लिहून झालं. आता खरं काय ते सांगते.

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागव. मला हल्ली कुणाच्या रागाचं काही वाटेनासं झालंय, रागावलेल्या माणसासमोर उभं राहायलासुद्धा ताकद लागते. मी चौथी शिकलेली, एक पान लिहायचं तर माझी दुपार जाते, आणि दुपार माझ्याकडं कधी असते ते तुला माहीत आहे. आज घरात कुणी नाही म्हणून बसले आहे. रतिलालच्या शाळेच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती ती फाडली. (तो आता पिंप्राळ्याला बिऱ्हाड करून राहतो, स्कूटर घेतली आहे, आईची तब्येत स्कूटरवरूनच विचारून जातो.)

तर झालं असं की संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. ज्वारी-उडीद घातलेलं कळण्याचं दळण डोक्यावर घेऊन मी चक्कीवर गेले. डबा खाली ठेवला आणि माझ्यासकट चक्की फिरायला लागली. मी भिंत धरून बसले. बायका गोळा झाल्या. एकीनं कांदा फोडून नाकाला लावला, दुसरीनं चप्पल लावली, तिसरी म्हणाली आधी कांदा की आधी चप्पल हे ठरवा, नाहीतर गुण येत नाही. चक्कीवाल्यानं काय केलं, तर माझा डबा दळून घेतला, कारण नंबर माझा होता, आणि मग विचारलं काय झालं. सगळ्यांत शहाणा तोच वाटला मला. तिथं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर सुनंदाबाई गहू घेऊन आल्या होत्या. त्यांनी कांदा, चप्पल आणि बायका तिन्ही बाजूला सारलं आणि मला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर आपल्या रतिलालपेक्षाही लहान. दूध काढताना म्हशीचे पाय बांधतात तसा माझ्या दंडाला पट्टा बांधला, रबराचा फुगा दाबत गेला, हात मेल्यासारखा झाला तेव्हा सोडला. पारा वर गेला, खाली आला. त्यानं एका पिवळ्या कार्डावर दोन आकडे लिहिले, वर एकशे ऐंशी, मधे आडवी रेघ, खाली एकशे दहा. म्हणाला ब्लडप्रेशर आहे. मी विचारलं दोन आकडे कशाला, माणूस तर मी एकच आहे. तो म्हणाला वरचाही जास्त आहे आणि खालचाही जास्त आहे. मी म्हटलं त्यातला माझा कुठला. त्यानं सुनंदाबाईंकडं बघितलं. मग विचारलं, घरात काही टेन्शन आहे का. अक्का, बावन्न वर्षांच्या बाईला हा प्रश्न रांगेत बसवून विचारायचा असतो का? मी म्हटलं तुम्ही लिहायला बसा, मी सांगते. त्यानं लिहिलं नाही. गोळी रोज सकाळी एक, मीठ कमी, लोणचं-पापड बंद, आठ दिवसांनी परत तपासायचं, आणि आराम. आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते विचारणार होते, पण मागं माणसं उभी होती.

आता यांचं सांगते, म्हणजे तुझ्या लक्षात येईल पुढं काय झालं ते. हे बावीस वर्षं जिनिंगमधे मापाडी आहेत हे तुला माहीत आहे, पण काम कसं चालतं ते तू बघितलेलं नाही. कापसाची गाडी येते, ती भरलेली काट्यावर उभी करतात, आकडा लिहितात. मग गाडी कापूस ओतून येते, ती रिकामी परत काट्यावर, तो आकडा पहिल्याच्या खाली लिहितात. मधे रेघ. वरच्यातून खालचा वजा केला की निघतो तो कापूस. झालं. बावीस वर्षं हे एवढंच केलंय आणि इतकं चोख केलंय की भरल्या हंगामात दोन गाडीवान भांडायला उठले तरी यांच्या आकड्यावर कुणी बोलत नाही. घरातसुद्धा हेच. लग्नाच्या पंगतीत किती लाडू उठले ते हे ताटं बघून सांगतात आणि बरोबर सांगतात.

तर संध्याकाळी मी कार्ड पुढं ठेवलं. यांनी चष्मा घातला, कार्ड दिव्याखाली धरलं, वरचा आकडा बघितला, रेघ बघितली, खालचा बघितला. आणि चिठ्ठी वाचावी तसं वाचलं. एकशे ऐंशी भरलेली, एकशे दहा रिकामी, निव्वळ सत्तर. मग चष्मा काढून म्हणाले, सत्तर तर आहे, यात जास्त काय झालं? मी म्हटलं डॉक्टर दोन्ही जास्त आहेत म्हणाला. तर म्हणाले, पोरगा नवा आहे, गाडीचं वजन धरून बसलाय. रिकाम्या गाडीचं ओझं कापसावर टाकतात का कुठं? सत्तर म्हणजे काही नाही. आणि जिथं काही नाहीच तिथं गोळ्या कशाला खायच्या, अंगात उष्णता होईल.

मीही मानलं. हे लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवू. डॉक्टरला मी दहा मिनिटं ओळखत होते आणि यांच्या वजाबाकीला बावीस वर्षं. शिवाय काही झालेलं नाही असं कुणी सांगितलं की बाईमाणसाला बरंच वाटतं, उठून कामाला लागता येतं. गोळ्यांची पुडी मी देवाच्या कोनाड्यात ठेवली.

इथवर असतं तर घरातल्या घरात राहिलं असतं. पण मी चक्कीवर पडले ही बातमी गल्लीभर झालेली, त्यात सुनंदाबाईंनी सांगितलं होतं की गुरुवारी कुणीही यावं, फुकट तपासून देऊ. फुकट म्हटल्यावर बठ्ठी गल्ली गेली. आणि येताना प्रत्येकजण कार्ड घेऊन आमच्या ओट्यावर, कारण डॉक्टर आकडे देतो पण त्यांचं काय करायचं ते सांगत नाही, आणि आमच्याकडं सांगणारा माणूस बसलेला. हे जिनिंगवरून आले की पाय धुवायच्या आधी कार्डं बघायचे. अभिमन मास्तरांचं आलं एकशे वीस आणि ऐंशी. निव्वळ चाळीस. यांनी मान हलवली. म्हणाले मास्तर, गाडीत कापूसच नाही हो. मास्तरांच्या बायकोनं त्या दिवसापासून त्यांना सकाळी तुपात भिजवलेल्या खारका आणि संध्याकाळी मेथीचा लाडू सुरू केला. (मास्तर शिकलेले आहेत, पण लाडू मिळतोय म्हटल्यावर त्यांनी आपलं शिक्षण मधे आणलं नाही.) शेजारच्या जीवरामआबांचं एकशे साठ आणि सत्तर, म्हणजे नव्वद. गल्लीतलं सगळ्यांत मोठं. यांनी त्यांना हात धरून घरी पोचवलं आणि सांगितलं उठू नका. आबा झोपले ते झोपलेच. चार दिवसांत त्यांच्या सुनेनं मला तीनदा विचारलं की काकू, नव्वदचं सत्तर व्हायला साधारण किती दिवस लागतात.

आणि आता आमच्या घरातलं ऐक. सासूबाईही गेल्या होत्या. त्यांचं आलं एकशे पन्नास आणि सत्तर. यांनी वजा केलं. ऐंशी. मी चुलीपाशी होते, पण मला तिथूनच कळलं की काहीतरी बिघडलं, कारण म्हातारीनं काठी मागितली. मग काठी टेकत आत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मनं ऐंशी शे, तुनं सत्तर. आते सांग, जास्त आजारी कोन?”

अक्का, या वाक्यानंतर माझं आजारपण संपलं. मला आराम सांगितला म्हणून ओसरीत खाट टाकली होती ती म्हातारीला गेली. मला मीठ कमी सांगितलं होतं ते तिला कमी झालं, म्हणजे मी दोन वेगळ्या भाज्या करायला लागले. पाय चेपायचे माझ्या वाट्याला, कारण माझं सत्तर. तिला गोळी पाहिजे होती. माझ्यातली मागितली. मी काही इतकी वेडी नाही, तिला सुनंदाबाईंनी मागं दिलेली कॅल्शियमची गोळी देत होते. ती खाऊन म्हणायची, आता बघ कसं हलकं वाटतंय. बघायला येणारे तिला बघायला यायचे आणि चहा माझ्या हातचा पिऊन जायचे. मान दुखायची, कानात चक्की चालू असायची, पण कुणाला सांगणार? सांगितलं की उत्तर ठरलेलं, दहानं कमी आहेस तू.

आठ दिवसांनी मी तपासायला गेले. जाणार नव्हते, पण चक्कीच्या वाटेवर दवाखाना आहे. डॉक्टरनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. एकशे नव्वद वर, एकशे वीस खाली. विचारलं गोळ्या घेतल्या का. मी म्हटलं देवापाशी आहेत. मग तो बोलला ते सगळं लिहीत नाही. पोरगा लहान आहे पण चिडला की मोठा दिसतो. म्हणाला मावशी, अशानं तुम्ही चालता चालता पडाल, एक अंग लुळं पडेल, तोंड वाकडं होईल, मग घरच्यांनी तुमचं करायचं का? मी मनात म्हटलं, घरच्यांनी करायचं असेल तर मग मी पडणंच परवडणारं नाही. पण अक्का, आठव. आपली तानुमावशी सहा वर्षं खाटेवर होती, तिच्या तोंडातून पाणी कसं सांडायचं ते आपण दोघींनी पुसलेलं आहे. मी तिथंच त्याच्यासमोर एक गोळी घेतली आणि घरी आले.

घरी आले तर यांनी कार्ड घेतलं. एकशे नव्वद, एकशे वीस. सत्तर. म्हणाले, बघ, आठ दिवसांत एका किलोचा फरक नाही. मी आयुष्यात यांच्यावर ओरडले नाही, त्या दिवशी ओरडले. काय बोलले ते आठवत नाही. सासूबाईंना आठवतं, त्या बठ्ठं सांगतात येणाऱ्याजाणाऱ्याला. एवढं खरं की मी मागच्या दारी जाऊन बसले आणि चुलीवरचं उतू जाऊ दिलं. उतू गेलेलं बघून हे घाबरले. माझ्या ओरडण्यानं नाही, दूध उतू गेल्यानं. म्हणाले, उद्या मी स्वतः येतो, काय ते बघून घेऊ. मला वाटलं डॉक्टरला काही विचारतील. विचारलंच, पण काय विचारलं ते ऐक.

दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून आले. आत शिरल्याबरोबर त्या मशिनीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, मागून बघितलं आणि डॉक्टरला विचारलं, याच्यावर शिक्का कुठं आहे? (दरवर्षी सरकारी माणूस येऊन यांचा काटा तपासतो आणि त्यावर सालाचा शिक्का मारतो. शिक्का नसेल तर त्या काट्यावर यांच्यासारखा माणूस कांदेसुद्धा ठेवत नाही.) डॉक्टरला वाटलं जळगावहून कुणी तपासणीला आलं. त्यानं उठून खुर्ची दिली. हे बसले. मग म्हणाले, शेवटचं पासिंग कुठल्या साली झालं, आणि पट्टा रिकामा असताना पारा शून्यावर असतो का ते दाखवा. त्या पोरानं बिचाऱ्यानं दाखवलं. शून्यावर होता. चहा सांगणार एवढ्यात सुनंदाबाई आल्या आणि म्हणाल्या डॉक्टरसाहेब, हे बेबाबाईंचे मालक. डॉक्टरनं खुर्चीकडं बघितलं, पण आता परत कशी मागणार.

मग यांनी सुनंदाबाईंना कार्ड दाखवून सगळा हिशोब समजावला. भरलेली, रिकामी, निव्वळ. तेव्हाही सत्तर, आताही सत्तर, मग वाढलं काय? अक्का, त्या बाईच्या जागी मी असते तर कपाळावर हात मारला असता. तिनं तसं काही केलं नाही. ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

“चुडामणभाऊ,” ती म्हणाली (नाव तिनं घेतलं, मी फक्त लिहिलं), “इथं दोन गाड्या नाहीत. वजा काही करायचं नाही. काळीज जोर लावून रक्त ढकलतं तेव्हाचा हा वरचा आकडा. आणि दोन ठोक्यांच्या मधे जरा दम घेतं, तेव्हाचा हा खालचा. तुमच्या काट्यावरून गाडी उतरली की काटा कुठं येतो?”

“शून्यावर,” हे म्हणाले.

“माणसाचा शून्यावर येत नाही. आला तर माणूस गेला. पण ऐंशीपाशी तरी यायला पाहिजे. यांचा एकशे विसावर उभा आहे. काट्यावर गाडी नसताना.”

यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मला वाटतं दवाखान्यात पहिल्यांदाच घरची भाषा काढली, “म्हंजे गाडी उतरी गयी तरी काटा खाले येत नही?”

“नाही येत.”

“मंग काटा बिघडेल नही,” हे म्हणाले, आणि मशिनीकडं नाही, माझ्याकडं बघत होते. “वझंच उतरेल नही.”

तीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याबद्दल बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य. तेही वजनाच्या भाषेत. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही, मला झोप आली. खरंच सांगते. कुणाला तरी एकदाचं समजलं म्हटल्यावर अंगातून सगळं गेल्यासारखं झालं आणि मी त्या बाकावर बसल्या बसल्या पेंगले.

तर आता गोष्ट संपली असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण समजलेला माणूस न समजलेल्यापेक्षा जास्त दमवतो, हे तुझ्या लहान बहिणीकडून ऐकून ठेव.

त्याच संध्याकाळी यांनी घरोघरी जाऊन आपला हिशोब चुकला होता असं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. लोकांना ते पटेना. अभिमन मास्तरांचं बरोबर आहे, त्यांना काही झालेलं नाही, हे सांगितल्यावर मास्तरांची बायको माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि मास्तरांचे लाडू बंद झाले म्हणून मास्तरही. जीवरामआबा म्हणाले तुमचा हिशोब चुकला असेल, माझा बरोबर आहे, आणि कूस बदलून झोपले. सासूबाईंना यांनी सांगितलं की आई, तुझं वयाच्या मानानं ठीक आहे, हिचं जास्त आहे. त्या म्हणाल्या आकडा तूच काढला होतास, आता बायकोनं सांगितलं म्हणून बदललास. खाट काही सोडली नाही.

म्हणून माझ्यासाठी दुसरी खाट आणली, आणि ओट्यावर टाकली, वारा लागतो म्हणून. ओट्यावर म्हणजे रस्त्यावर. जाणारा प्रत्येक माणूस थांबतो, काय झालं विचारतो, त्याला सांगावं लागतं, मग तो त्याच्या मावशीचं सांगतो. हे सकाळी जिनिंगवर जायच्या आधी स्वयंपाक करतात. खिचडी. मीठ माझ्यासाठी बंद म्हणून टाकत नाहीत, मग सासूबाईंनी नाक मुरडलं की वरून टाकतात, मग आठवतं की मी खाणार आहे, मग त्यात पाणी घालतात. जाताना सांगून जातात, उठायचं नाही. हे गेल्यावर मी उठते, कारण त्या खिचडीचं पातेलं घासायला एक दिवस जातो. आल्याबरोबर विचारतात, झाला का आराम? किती झाला?

आणि रोज तपासायला. डॉक्टरनं आठवड्यातून एकदा सांगितलं, पण हे रोज नेतात, म्हणतात हंगामात काटा रोज बघावा लागतो. माझ्या दंडाला पट्टा बांधला की हे मागं हात बांधून शेजारी उभे राहतात, अगदी गाडी काट्यावर चढताना उभे राहतात तसे. मला माझ्या अंगाखाली चाकं असल्यासारखं वाटतं. परवा एकशे शहात्तर आणि एकशे सहा आलं. यांचा चेहरा पडला. सुनंदाबाई म्हणाल्या भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा. हे बाहेर गेले. पुन्हा तपासलं, एकशे अडुसष्ट आणि शंभर. मग त्यांनी बाकावर खाकरत बसलेल्या सासूबाईंकडं बघितलं (हो, त्याही रोज येतात, माझं तपासतात तर मग त्यांचं का नाही) आणि त्यांनाही निंबाखाली पाठवलं. दार लावलं. मला म्हणाल्या पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, बोलू नका. दहा मिनिटं. अक्का, मी लग्न झाल्यापासून दहा मिनिटं कुणाशी न बोलता, कुणी हाक मारेल याची वाट न बघता बसलेली नव्हते. भिंतीवर पाल होती, तीसुद्धा गप्प होती. तपासलं. एकशे बावन्न आणि चौऱ्याण्णव.

सुनंदाबाई म्हणाल्या, गोळी तर घ्याच, पण रोज अशा बसत जा. मी म्हटलं कुठं? त्यांनी पुढचं कार्ड हातात घेतलं. शहाणी बाई आहे.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं किती. मी आकडे सांगितले, पण कसे आले ते सांगितलं नाही. माणूस रोज खिचडी करतोय, त्याला काय सांगायचं की तुम्ही शेजारी असलात की आठ चढतात.

असो. हे सगळं तुला काळजी वाटावी म्हणून लिहिलेलं नाही. माझी गोळी चालू आहे, रोज घेते, चुकवत नाही. मला कुणाकडून काही नको आहे. नुसतं कुणालातरी सांगायचं होतं, ते सांगितलं. दाजींना सांभाळ, कवळी बसत नसली तरी घालत जा, सवय होईल.

तुझी दमलेली बहीण,
बेबा

ता. क. मला काही नको असं वर लिहिलंय ते खोडत नाही, कागद खराब होतो. पण एक कर. मला एक कार्ड टाक. पाकीट नको, साधं पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमन ते सासूबाईंना ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवेल. त्यात लिही की तुझा पाय सरकला, मोडला, प्लॅस्टर घातलंय, दाजींना भाकरी थापता येत नाही, बेबाला महिनाभर पाठवा. आपल्यात बाईला घर सोडायचं तर लग्न लागतं, बाळंतपण लागतं, नाहीतर दुसऱ्याचं आजारपण लागतं. स्वतःच्या आजारपणावर कुणी जाऊ देत नाही. बेबा कुठं गेली असं कुणी विचारलं तर सोनगीरला झोपायला गेली असं सांगायची सोय नाही. मी आले की तुझं काही करणार नाही हे आधीच सांगते. तुमच्या गावच्या किल्ल्याकडं तोंड करून भिंतीला टेकून बसेन. मला हाक मारू नकोस.

ता. क. दुसरी. ब्लडप्रेशर झालं असं चुकूनही लिहू नकोस, दोन्ही आकडे विचारतील. पायच मोड. डावा मोड, म्हणजे कुणी अचानक बघायला आलंच तर उजव्यावर उडी मारून खाटेवर जाता येईल.

ता. क. तिसरी. पाकिटाला डिंक नव्हता, खळ करायला उठले, तेवढ्यात यांचा सदरा धुवायला काढावा म्हटलं. खिशात पिवळं कार्ड निघालं. मला वाटलं माझं. नाव यांचं होतं. तारीख आठ दिवसांपूर्वीची. एकशे सत्तर, एकशे दहा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं वजाबाकी मांडली होती आणि उत्तर लिहायच्या आधीच खोडली होती. मला एका शब्दानं सांगितलं नाही. काल सकाळी हिच्या खिचडीत वरून मीठ टाकू नकोस म्हणून सासूबाईंवर ओरडून गेले तेव्हा ते कार्ड खिशातच असणार. मी ते होतं तिथं परत ठेवलं आणि सदरा न धुता खुंटीला लावला.

तेव्हा पोस्टकार्ड लगेच टाकू नकोस, होळी झाली की टाक. होळीला हंगाम संपतो, काटा बंद होतो. त्यात लिही की तुला उठवायला-बसवायला दोन माणसं लागतात, दाजींच्या एकट्याच्यानं होत नाही, पाहुण्यांनाही (म्हणजे यांना) पाठवा. तू जड आहेस, हे इकडं सगळ्यांना पटेल. सासूबाईंना रतिलालकडं पोचवते, स्कूटरवर बसवून नेऊ दे त्याला आजीला तपासायला.

तुझ्या ओसरीत दोन खाटा टाकून ठेव. लांब लांब टाक.